भांडण हाणामारीपर्यंत जाऊ नये म्हणून: ठाण्यातल्या एका माजी सेक्रेटरीचं टिपण

आमच्या सोसायटीत एका माणसाच्या भुवईवर सात टाके पडले, ते एका स्कूटरपायी.

वर्तकनगरच्या बाजूला आमची चार मजली इमारत. बत्तीस बिऱ्हाडं आणि खाली जेमतेम नऊ गाड्यांची जागा. रात्री साडेदहाला पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ कामावरून आले, तर त्यांच्या जागेवर दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाची स्कूटर. त्यांनी हॉर्न वाजवला. मुलगा जेवत होता. "पाच मिनिटांत आलो" म्हणाला आणि वीस मिनिटं आला नाही. यांनी स्कूटर ढकलली, ती आडवी झाली, आरसा फुटला. "आरशाचे पैसे कोण देणार?" "तुझा बाप देईल." एवढ्या एका वाक्यावर हेल्मेट फिरलं.

मी तेव्हा सेक्रेटरी होतो. पहिल्या हॉर्नपासून सगळं गॅलरीतून बघत होतो. होईल आपोआप शांत, असं म्हणून खाली उतरलो नाही. पुढची अकरा वर्षं सेक्रेटरीपद सांभाळताना जे शिकलो, त्याची सुरुवात त्या न उतरण्यापासून आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे आहेत. कारणांच्या रकान्यात सर्वांत मोठा आकडा 'वाद' या सदराखाली आहे: ९,९६२. वैयक्तिक वैर किंवा सूड ३,७६१ आणि पैशाच्या किंवा इतर लाभासाठी १,८८४. म्हणजे लाभासाठी जेवढे खून झाले, त्याच्या पाचपटीहून जास्त वादातून झाले. यातल्या बऱ्याच भांडणांना गॅलरीतून बघणारा कुणीतरी माझ्यासारखा असणारच. गुंडटोळ्यांचं काय करायचं ते पोलीस बघतील. आपल्या हातातलं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं, म्हणून क्रमही तिथूनच लावतो.

पहिली पायरी: भांडणाचं कारणच मोडा

पार्किंग, पाणी, आवाज, कुत्री, गळती. ठाण्यातल्या कुठल्याही इमारतीचं तक्रारपुस्तक उघडा, या पाचांपलीकडे फार काही सापडणार नाही.

पार्किंगचं आम्ही असं केलं. वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव घेऊन नऊ जागांना पिवळ्या रंगाने नंबर टाकले. गाड्या जास्त आणि जागा कमी, त्यामुळे दरवर्षी चिठ्ठ्या काढायच्या. चिठ्ठी कुणाच्यातरी शाळकरी मुलाने उचलायची, म्हणजे कमिटीवर संशय नाही. प्रत्येक दुचाकीवर फ्लॅट नंबर आणि मोबाइल नंबरचं स्टिकर. रात्री दहानंतर आडवी लावलेल्या गाडीची किल्ली वॉचमनकडे. शेवटचा नियम सगळ्यांत महत्त्वाचा आणि तो मंजूर करून घ्यायला मला दोन सभा लागल्या: दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही. हवा सोडायची नाही, ढकलायची नाही, साखळी घालायची नाही. फोन करायचा, नाही उचलला तर वॉचमनला वर पाठवायचं. वस्तूला हात लागला की पुढचा हात माणसाला लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आवाजाबद्दल कायदा स्पष्ट आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र, आणि निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल. हे नोटीस बोर्डावर लावून ठेवा. मग "तुम्ही कोण सांगणारे?" याला बोर्डाकडे बोट दाखवता येतं, आपलं बोट समोरच्याच्या छातीवर जात नाही.

पाण्याची वेळ लिहून लावा, टँकर आला तर किती आला तेही लिहा. कुत्र्यांचं मी सोडून देतो. त्यावर माझ्या घरातच एकमत नाही.

दुसरी पायरी: आपला स्वतःचा ताव

राग चढला की अंगातला ताव उतरायला साधारण वीस मिनिटं लागतात, असं धरून चला. त्या वीस मिनिटांत काय करायचं नाही, एवढंच आधी ठरवून ठेवायचं.

"खाली ये" असं कुणी म्हटलं तर खाली जायचं नाही. हे वाटतं तेवढं सोपं नाही, कारण गॅलऱ्यांत माणसं उभी असतात आणि न उतरणारा भित्रा ठरतो. माझा उपाय साधा आहे. "उद्या सकाळी नऊला ऑफिसमध्ये बसू" एवढं मोठ्याने म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. वेळ दिली की माघार घेतली असं दिसत नाही.

बाप काढायचा नाही. आई-बहीण तर नाहीच, पण जात, गाव, भाषा, "भाडेकरू आहेस, भाडेकरूसारखा राहा" हेही नाही. आमच्या त्या रात्रीचं भांडण आरशाच्या दोनशे रुपयांवर होतं तोवर मिटण्यासारखं होतं.

रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर लिहायचं नाही. लिहायचंच असेल तर वहीत लिहा, सकाळी वाचा. ग्रुप पेटला तर ॲडमिनने फक्त ॲडमिनच लिहू शकतील अशी सेटिंग सकाळपर्यंत लावून टाकावी. कुणी हुकूमशहा म्हटलं तर म्हणू दे. मला म्हणाले.

आणि गाडीच्या सीटखाली ठेवलेला रॉड, स्टंप, जे काही असेल ते आज काढून माळ्यावर टाका. "सेफ्टीसाठी" ठेवलेली वस्तू रागाच्या क्षणी हाताशी असते एवढंच खरं. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात. त्यांत लाठ्याकाठ्या, शस्त्रं बाळगण्यावरही बंदी असते.

घोडबंदर रोडच्या कोंडीत कुणी घासून गेला तर काच खाली करू नका, गाडीतून उतरू नका, नंबर टिपा. ठाण्याहून सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवरून (तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायची जागा) किंवा दारात उभं राहण्यावरून पेटलं, तर पुढच्या स्टेशनला उतरून डबा बदलणं हा सर्वांत स्वस्त तोडगा. नाहीतर लोहमार्ग पोलिसांचा १५१२, रेल्वेचा १३९.

दारू पिऊन भांडणाऱ्याला त्या रात्री समजावू नका. घरी पोहोचवा, बोलणं दुसऱ्या दिवशी. आणि राग वारंवार हाताबाहेर जातोय असं स्वतःलाच जाणवत असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, फोन करता येतो. फुकट आहे, मराठीत बोलतात. ठाण्याला मनोरुग्णालय असल्यामुळे "तुला तिथे टाकायला हवं" हा आपल्याकडे विनोद झालाय, त्याची लाज वाटून माणसं मदत घेत नाहीत.

तिसरी पायरी: मध्ये पडायचं कसं

एकट्याने पडायचं नाही. दोघांनी जायचं, आणि दोघांनी दोघांना वेगवेगळ्या दिशांना न्यायचं. मी कितीदा तरी पाहिलंय, चार जण मिळून एकाचेच हात धरतात आणि दुसरा त्याला मोकळेपणाने मारतो. धरणाऱ्याचा हेतू चांगला असतो. टाके मात्र धरलेल्याला पडतात.

चूक कुणाची ते त्या क्षणी ठरवू नका. "काका, तुमचं बीपी आहे, आधी बसा", "दादा, आई वरून बघतेय, चल" असं काहीतरी बोलावं, ज्यात त्या माणसाला मागे हटायला जागा मिळते. समोर छाती काढून उभं राहू नका, बाजूला उभे राहा. त्या माणसाला इमारतीत कुणाचा शब्द जड वाटतो ते ठाऊक असेल तर त्यालाच बोलवा. आमच्याकडे तळमजल्यावरच्या एक मावशी आहेत, पोळ्या लाटतात. त्या लाटणं हातात घेऊनच बाहेर येतात आणि फक्त "काय रे?" म्हणतात. पोलिसांपेक्षा लवकर काम होतं.

हत्यार दिसलं तर हे सगळं विसरा. चाकू, कोयता, फुटलेली बाटली यांच्यामध्ये जायचं नाही. मुलांना आत घ्या आणि ११२ लावा. फोनवर आधी जागा सांगा: इमारत, रस्ता, जवळची खूण. मग हत्यार आहे का, किती जण आहेत, कुणी जखमी आहे का. आपलं नाव शेवटी. कॉल तुटला तरी जागा पोहोचलेली असते. व्हिडिओ एकाने, वरून, लांबून काढावा. तोंडासमोर मोबाइल धरला की भांडणारा कॅमेऱ्यासाठी भांडायला लागतो.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. अंगात रुतलेलं पातं ओढून काढू नका, त्यानेच रक्त अडलेलं असतं. १०८ ला फोन. "पोलीस केस आहे, आधी पोलीस येऊ द्या" असं कुठल्या दवाखान्यात ऐकावं लागलं तर सांगा, सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच निकाल दिलाय: आधी उपचार, मग सोपस्कार.

याच पायरीवर एक वेगळी गोष्ट. मध्ये पडणं आणि गर्दीत सामील होणं यांत फार अंतर नसतं. 'मुलं पळवणारी टोळी आली' असे मेसेज फिरत होते तेव्हा, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. मारणारे स्वतःला राखणदारच समजत होते. तुमच्या जिन्यात चोर सापडला तर बसवून ठेवा, पाणी द्या, ११२ लावा. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आपल्या समोर घडला तर नागरिकालाही माणूस पकडता येतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावाच लागतो. खांबाला बांधून फटके देणारे स्वतः आरोपी होतात. स्वसंरक्षणाचंही तेच. जेवढं वाचायला लागेल तेवढंच. पळणाऱ्याच्या मागे धावून मारलेला फटका त्यात बसत नाही.

चौथी पायरी: भिंतीपलीकडचा आवाज

खालचं भांडण सगळे बघतात. वरच्या घरातलं ऐकतात, आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. "नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला?" हे वाक्य मीही वापरलंय.

तिसऱ्या मजल्यावरचं एक घर. शनिवारी रात्री भांडी आदळण्याचा आवाज, मग धप्प असा एक आवाज, मग शांतता. ती शांतता ऐकून माझी बायको एकदा रिकामी वाटी घेऊन वर गेली. बेल वाजवली. त्याने दार अर्धंच उघडलं. "वहिनींकडे विरजण आहे का हो?" रात्री अकरा वाजता विरजण! पण वाटी समोर धरलेली असताना दार लावता येत नाही. वहिनी बाहेर आल्या, पदर गालावर ओढलेला. विरजण घेऊन बायको तिथेच पाच मिनिटं दुधाच्या भावावर बोलत राहिली. त्या रात्री पुढे काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर ती पुन्हा वर गेली, या वेळी वाटीशिवाय.

त्या भेटीत काय बोलायचं ते महत्त्वाचं. "सहन करू नकोस, निघून ये" असं फर्मान सोडू नका. जायची वेळ तिला ठरवू द्या, कारण निघण्याच्या सुमारासच मार वाढण्याचा धोका असतो. तिला विचारा की रात्री गरज पडली तर कुठला इशारा. गॅलरीतला दिवा दोनदा लावणं, मुलाला खाली पाठवणं, काहीही. आधार कार्ड, मुलांचे दाखले, बँकेचं पुस्तक आणि थोडे पैसे एका पिशवीत भरून तुमच्याकडे ठेवायचे का, ते विचारा. महिलांसाठी १८१ आहे. मुलांसाठी १०९८. म्हाताऱ्यांवर हात उचलणारी घरंही आहेत, त्यांच्यासाठी १४५६७.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ४ फार थोड्यांना माहीत असतं: अशी हिंसा होतेय असं वाटण्यास कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कुठलीही जबाबदारी येत नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर तिथे 'शकतो' नाही, 'पाहिजे' आहे. पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक केलंय. "इमारतीचं नाव खराब होईल" हे कारण चालत नाही.

पाचवी पायरी: पोरं

वाढदिवसाला तलवारीने केक कापणारे, रीलमध्ये कोयता नाचवणारे. आई-बापांना वाटतं वय आहे, जाईल. मोबाइलवरचं ते चित्र पुढे पोलिसांच्या फाइलला लागतं. सोळा ते अठरा वयातल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याने त्याच्यावर प्रौढांसारखा खटला चालवायचा की नाही, याची तपासणी होते. हे मुलाला ओरडून सांगू नका. गाडी चालवताना, शेजारी बसून, साधेपणाने सांगा.

मुलगा एखाद्या मुलीच्या मागे लागलाय असं कळलं, तर "मुलगी काय म्हणते?" हा पहिला प्रश्न घरच्यांनी विचारायचा. ती नको म्हणत असेल आणि तरी हा क्लासबाहेर उभा राहत असेल, तर तो पाठलागाचा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८: पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. मुलीच्या घरच्यांनी मेसेजचे स्क्रीनशॉट जपावेत आणि पहिल्याच वेळी लेखी तक्रार द्यावी. तिला घरात कोंडू नये.

पोरांना काहीतरी जड उचलायला द्या, असं मला वाटतं. आमच्या भागातल्या एका गोविंदा पथकात नियम आहे: प्यायलेला दिसला तर थरात नाही, मग तो कितीही चांगला बेस असो. खालच्या थरातल्याचा राग गेला तर वरचा पडतो, हे त्या पोरांना भाषण न देता कळतं.

सहावी पायरी: पोलीस ठाण्यात

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता आहे. साध्या मारहाणीची, शिवीगाळीची बहुधा एनसी होते, म्हणजे अदखलपात्र नोंद. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही. म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. त्याच माणसाविरुद्ध दुसरी, तिसरी नोंद झाली की पोलिसांना त्याच्यावर चॅप्टर केस करायला आधार मिळतो, म्हणजे शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून घेता येतो.

हाड मोडलं, दात पडला किंवा हलला, जखमीला पंधरा दिवस रोजचं काम करता आलं नाही, तर ती गंभीर दुखापत. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि एफआयआर व्हायलाच हवा. हत्याराने मारलं तरी एफआयआर हवाच. म्हणून ठाणे अंमलदाराकडून मेडिकलची यादी, म्हणजे तपासणीसाठी पोलिसांचं पत्र, घेऊन सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. जखम पुसट व्हायच्या आत.

"आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर चालत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा कुठेही नोंदवता येतो. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नोंदच घेत नसतील तर वरिष्ठ निरीक्षक, मग परिमंडळाचे पोलीस उपायुक्त, लेखी आणि पोचपावतीसह. ठाणे आयुक्तालयात ठाणे, वागळे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर अशी पाच परिमंडळं आहेत. त्यानंतर न्यायदंडाधिकारी. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००.

साक्ष द्यायला माणसं कचरतात. मीही त्या हेल्मेटवाल्या प्रकरणात "नीट दिसलं नाही" म्हणालो होतो. दिसलं होतं. आता सांगतो: पाहिलं तेवढंच सांगा, ऐकलेलं मिसळू नका, आणि घरी येऊन तारीख-वेळ घालून वहीत लिहून ठेवा. खटला उभा राहीपर्यंत स्मरण दगा देतं. धमक्या आल्या तर २०१८ पासून साक्षीदार संरक्षण योजना आहे, अर्ज करता येतो.

सातवी पायरी: पाच जणांची वही

एकट्या सेक्रेटरीवर हे सोडू नका, तो गॅलरीत उभा राहतो. पाच जण नेमा, त्यांत किमान दोन बायका, एक भाडेकरू, एक तिशीच्या आतला. काम एवढंच: वाद कानावर आला की दोन दिवसांत दोघांशी वेगवेगळं बोलायचं, मग एकत्र बसवायचं, ठरलेलं वहीत लिहून सह्या घ्यायच्या.

कल्पना माझी नाही. १५ ऑगस्ट २००७ ला राज्याने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. त्याच्या आधीचं उदाहरण तर आपल्या शेजारचं आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं, आणि त्यांच्यात बसणारे पोलीस. नळावरचं भांडणही तिथे यायचं. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मात्र २००६ मध्ये त्याच भिवंडीत जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. तेव्हा समिती हा काही एकदा बांधला की झाला असा ताईत नव्हे. बैठका भरवाव्या लागतात, चहा आणावा लागतो.

समितीने काय करायचं नाही तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बलात्कार, विनयभंग, मुलांवरचा अत्याचार, हत्यार यांत तडजोड नाही, थेट पोलीस. दंड ठोकायचा नाही, कुणाला वाळीत टाकायचं नाही. महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. आणि समितीतल्याच कुणाचा वाद असेल तर त्याने त्या दिवशी उठून बाहेर जायचं.

आमच्या वहीत गेल्या वर्षी एकोणीस नोंदी झाल्या. पार्किंगच्या फक्त तीन. सर्वांत जास्त चौथ्या मजल्यावरच्या कुंड्यांच्या, पाणी खालच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं म्हणून. त्यावर अजून तोडगा निघालेला नाही. रविवारी सकाळी दहाला पुन्हा बैठक आहे, पोळ्यावाल्या मावशींनाही बोलावलंय.